अँड, बट, बिकॉज आणि कॉमा: इंग्रजी मेल लिहिणाऱ्यांसाठी

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजीसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: 'मॅडम, अँडच्या आधी कॉमा द्यायचा का?' विचारणारा कधी सातपूरच्या कंपनीत क्वालिटीला असतो, कधी बँकेच्या परीक्षेत इंग्रजी पत्र लिहावं लागणारी मुलगी असते, कधी दिंडोरीकडच्या बागायतदाराचा मुलगा असतो. त्याला आता मधल्या माणसाशिवाय थेट परदेशातल्या बायरला मेल टाकायचा असतो. मी स्वतः दिवसा नाशिकमध्ये अंबडला एका एक्स्पोर्ट ऑफिसात कागदपत्रं बघते. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा सीझन, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि त्यांच्या मागेपुढे धावणारे इंग्रजी मेल. त्यामुळे खालची उदाहरणं बहुतेक ट्रक, कंटेनर आणि द्राक्षांचीच आहेत. वाक्यं इंग्रजी असली तरी लिहिते आहे देवनागरीत. कॉमा दोन्ही लिप्यांत सारखाच दिसतो, तेव्हा अडचण नाही.

शाळेत बहुतेकांना एकच नियम मिळालेला असतो: 'जिथे थांबाल तिथे कॉमा.' तो सोडून द्या. थांबणं माणसामाणसावर असतं. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून आलेल्याने धापा टाकत मेल लिहिला तर दर दोन शब्दांमागे कॉमा पडेल. इंग्रजीत कंजंक्शनजवळचा, म्हणजे अँड, बट, बिकॉज अशा जोडणाऱ्या शब्दांजवळचा कॉमा दमावर ठरत नाही. कंजंक्शनच्या दोन्ही बाजूंना काय उभं आहे, त्यावर ठरतो. एवढं एक धरलं की बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

पद्धत अशी. वाक्यातल्या कंजंक्शनवर बोट ठेवा. आधी डावीकडचं वाचा, मग उजवीकडचं. दोन्हीकडे स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे का? दोन्ही तुकडे पूर्णविराम देऊन वेगळे लिहिले तर वाक्य म्हणून उभे राहतात का? राहत असतील तर कंजंक्शनच्या आधी कॉमा.

द ट्रक लेफ्ट पिंपळगाव इन द मॉर्निंग, बट इट रीच्ड द पोर्ट आफ्टर मिडनाइट.

डावीकडे 'द ट्रक लेफ्ट', उजवीकडे 'इट रीच्ड'. दोन्ही स्वतंत्र. आता तेच असं लिहा:

द ट्रक लेफ्ट पिंपळगाव इन द मॉर्निंग बट रीच्ड द पोर्ट आफ्टर मिडनाइट.

'इट' गेलं आणि त्याच्याबरोबर कॉमाही गेला. अर्थ तोच, लांबी जवळजवळ तीच, वाचताना थांबाल तेही त्याच जागी; पण उजव्या बाजूला आता कर्ता नाही. म्हणून लांबलचक वाक्य दिसलं की अँडच्या आधी कॉमा टाकायची सवय मोडायला हवी. 'वुई चेक्ड ऑल द बॉक्सेस इन द कोल्ड स्टोरेज ॲट ओझर अँड सेंट द फोटोज टु द बायर' हे कितीही लांब असलं तरी कर्ता एकटा 'वुई'. कॉमा नाही.

ही चाचणी लागते ती सात शब्दांना: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. इंग्रजीतली पहिली अक्षरं जोडून इंग्रजी शाळांत त्यांना 'फॅनबॉइज' म्हणून पाठ करून घेतात. मराठी व्याकरण केलेल्यांना सांगते, ही आपली प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्ययं. दोन बरोबरीची वाक्यं जोडणारी. यातलं 'फॉर' कारण सांगायला वापरणं आता पुस्तकी वाटतं, मेलमध्ये नकोच. 'नॉर' जरा विचित्र आहे, त्याच्यानंतर क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे जातं: 'वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द लॅब रिपोर्ट, नॉर हॅव वुई सीन द इन्व्हॉइस.' कर्ता आहेच, फक्त जागा बदलली आहे. कॉमा हवा.

दोन्ही बाजू अगदी छोट्या असतील तर कॉमा गाळलेला चालतो: 'ही कॉल्ड अँड आय वेंट.' तसंच दोन छोट्या सूचना जोडताना, 'चेक द लेबल अँड सेंड मी अ फोटो', इथेही सहसा कॉमा देत नाहीत. 'यू' दोन्हीकडे लपलेला असतो, पण लपलेल्या कर्त्यासाठी कोणी थांबत नाही.

कॉमा कंजंक्शनच्या आधी, नंतर नाही. हे ठळकपणे सांगते, कारण आपल्याकडे 'पण,' असं लिहून पुढे जाण्याची फार सवय आहे आणि तीच इंग्रजीत 'बट, द बायर इज नॉट रेडी' अशी उतरते. तिथला कॉमा काढा. पूर्णविरामानंतर 'बट'ने किंवा 'अँड'ने वाक्य सुरू केलं तर चालतं का, असंही विचारतात. चालतं. शाळेत नाही म्हणून सांगितलेलं असतं, पण चांगले इंग्रजी लेखक शतकानुशतकं तसं लिहीत आलेत. फक्त त्याच्यामागे कॉमा लावू नका.

'सो'साठी थोडं थांबायला हवं. हा एकच शब्द दोन कामं करतो. एक परिणाम सांगतो (रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर):

द रीफर वॉज फुल, सो वुई बुक्ड अनदर वन.

आणि दुसरा हेतू:

वुई बुक्ड अनदर रीफर सो दॅट द ग्रेप्स वुड नॉट वेट ॲट द गेट.

पहिल्याला कॉमा, दुसऱ्याला नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी मराठीत परिणामबोधक आणि उद्देशबोधक असा फरक पाठ केलेला असतो. इंग्रजीत त्याचा खरा उपयोग इथे होतो. घोळ होतो तो 'दॅट' गाळल्यावर. 'प्लीज सेंड द वेट लिस्ट टुडे सो वुई कॅन फाइल द शिपिंग बिल.' (वेट लिस्ट म्हणजे वजनांची यादी, शिपिंग बिल म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद.) इथे कॉमा? 'सो'नंतर मनात 'दॅट' घालून बघा. बसतो, म्हणजे हेतू आहे, कॉमा नको. रीफरच्या वाक्यात 'सो दॅट' घातला तर कंटेनर मुद्दाम भरल्यासारखा अर्थ होतो. म्हणजे तिथे परिणाम आहे.

आता दुसरा गट: बिकॉज, इफ, व्हेन, ऑल्दो, सिन्स, व्हाइल, अनलेस, अंटिल, आफ्टर, बिफोर. गौणत्वसूचक. यांच्यामागे येणारं वाक्य एकटं उभं राहत नाही. 'बिकॉज द रिपोर्ट वॉज लेट' एवढंच लिहून मेल पाठवला तर बायर विचारेल, मग पुढे काय? इथे कॉमा ठरतो क्रमावर. दुय्यम वाक्य आधी आलं तर ते संपतं तिथे कॉमा. मागून आलं तर सहसा काहीच नाही.

व्हेन वॉटर इज रिलीज्ड फ्रॉम गंगापूर डॅम, द गोदावरी राइझेस ॲट रामकुंड.

द गोदावरी राइझेस ॲट रामकुंड व्हेन वॉटर इज रिलीज्ड फ्रॉम गंगापूर डॅम.

पहिल्या वाक्यात तो कॉमा नसेल तर डॅम कुठे संपलं आणि गोदावरी कुठे सुरू झाली हे वाचणाऱ्याला चाचपडत शोधावं लागतं. दुसऱ्यात 'व्हेन' स्वतःच सीमा दाखवतो. पुराचंच अजून एक, कारण नाशिककरांना गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजायची सवय आहे: 'बिफोर द शॉपकीपर्स मूव्ह्ड देअर गुड्स, द वॉटर हॅड रीच्ड दुतोंड्या मारुतीज चेस्ट.' उलटं लिहून बघा, कॉमा आपोआप पडून जाईल.

आपल्या लोकांची खरी गंमत 'बिकॉज'पाशी होते. मराठीत 'गाडी उशिरा आली, कारण घाटात ट्रॅफिक होतं' असं लिहितो. 'कारण'च्या आधी कॉमा आपल्या हाताला इतका बसलेला आहे की इंग्रजीतही तो 'बिकॉज'च्या आधी टपकतो. 'द ट्रक वॉज लेट, बिकॉज देअर वॉज ट्रॅफिक इन द घाट.' काढून टाका. कारण हा त्या वाक्याचाच भाग आहे.

पण वाक्य नकारार्थी असेल तेव्हा हाच कॉमा पैशाचा प्रश्न होतो. हे बघा:

वुई डिड नॉट शिप द लॉट बिकॉज द प्राइस हॅड फॉलन.

याचे दोन अर्थ निघतात. एक, आम्ही माल पाठवला नाही, आणि भाव पडला हे त्याचं कारण. दोन, माल पाठवला, पण भाव पडला म्हणून नव्हे. कारण दुसरंच काही होतं. 'नॉट' नेमका कशाला चिकटलाय, 'शिप'ला की 'बिकॉज'ला, हे कॉमाशिवाय कळत नाही. 'शिप द लॉट'नंतर कॉमा दिला की 'नॉट' तिथेच थांबतो आणि पहिला अर्थ पक्का होतो. दुसरा अर्थ हवा असेल तर कॉमा न देऊनही वाचणारा चकू शकतो, म्हणून मी अशा वेळी वाक्यच बदलायला सांगते. पहिल्या अर्थासाठी ते फिरवा: 'बिकॉज द प्राइस हॅड फॉलन, वुई डिड नॉट शिप द लॉट.' किंवा दुसऱ्या अर्थासाठी सरळ दोन वाक्यं: 'वुई शिप्ड द लॉट. द प्राइस वॉज नॉट द रीझन.' बायरशी तक्रारीचा पत्रव्यवहार चालू असताना ज्या वाक्यात नकार आणि 'बिकॉज' एकत्र आलेत ते वाक्य पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नये, हा माझा ऑफिसातला नियम आहे. माल शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या कंटेनरमध्ये समुद्रावर असतो आणि तिकडचा माणूस तुमचं एकेक वाक्य दाव्याच्या नजरेने वाचत असतो.

'ऑल्दो' मागून आला तरी कॉमा घेतो, कारण तो विरोध दाखवतो: 'द लॉट पास्ड, ऑल्दो द बेरीज वेअर अ लिटल स्मॉल.' 'व्हाइल'चंही तसंच, पण त्याचे दोन चेहरे आहेत. वेळ सांगत असेल तर कॉमा नाही: 'द ड्रायव्हर स्लेप्ट व्हाइल द कंटेनर वॉज बीइंग लोडेड.' तुलना करत असेल तर कॉमा: 'नाशिक ग्रोज ग्रेप्स, व्हाइल जळगाव ग्रोज बनानाज.' इथे कॉमा काढला तर नाशिक द्राक्षं पिकवत असताना जळगावात त्याच वेळी केळी पिकतायत, असं काहीतरी वाटतं. तसं पिकतही असेल, पण सांगायचं ते नव्हतं.

याच गटात जोडीची भानगड येते. मराठीत आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' आणतो, 'जर' म्हटलं की 'तर'. दोन्ही टोकांना खुंटी ठोकल्याशिवाय वाक्य ताणून बसत नाही. इंग्रजीला एकच खुंटी पुरते. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई लोडेड द ट्रक' हे चुकीचं. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड, सो वी केम लेट' हेही तसंच. ज्या ठिकाणी दुसरं कंजंक्शन आपसूक यायला बघतं, त्या ठिकाणी इंग्रजीत फक्त कॉमा पुरतो. 'इफ'नंतर 'देन' घातलेला मात्र चालतो, गरज नसते एवढंच.

आणि 'दॅट'. 'तो म्हणाला, की गाडी निघाली' असं लिहिणारे आपण 'ही सेड, दॅट द ट्रक हॅड लेफ्ट' लिहितो. 'वुई कन्फर्म, दॅट', 'प्लीज नोट, दॅट' हे तर सरकारी पत्रांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे दिसतं. सेड, नो, कन्फर्म, नोट, थिंक यांच्यानंतरच्या 'दॅट'पूर्वी कॉमा द्यायचा नाही. तशी विरामचिन्हं आपल्याकडे आली इंग्रजीतूनच, एकोणिसाव्या शतकात. ती मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामातलेच ते. चिन्ह त्यांच्याकडून आलं, पण पुढे ते आपल्या वाक्याच्या वळणाने चालायला लागलं. आता परत इंग्रजीत लिहिताना ते वळण घरी ठेवून जावं लागतं.

हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, अदरवाइज हे कंजंक्शन नाहीत, दिसतात तसे. म्हणून 'द रिपोर्ट इज रेडी, हाउएव्हर द फायटो इज पेंडिंग' चालत नाही. 'रेडी'नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम, आणि 'हाउएव्हर'नंतर कॉमा. मी पूर्णविरामच सुचवते. अर्धविराम नीट वापरणारा माणूस मला अजून आमच्या ऑफिसात भेटायचा आहे.

याची सख्खी बहीण म्हणजे कंजंक्शनच नसणं. 'द लॉट इज रेडी, प्लीज सेंड द ट्रक.' मराठीत 'माल तयार आहे, गाडी पाठवा' अगदी घरचं वाक्य. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं ही चूक धरतात आणि परीक्षेत तर हमखास गुण कापतात. पूर्णविराम द्या, किंवा कॉमाबरोबर 'सो' आणा.

यादीतल्या शेवटच्या अँडपूर्वीचा कॉमा हा वेगळा वाद. 'इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, अँड फायटो' यातला दुसरा कॉमा. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस तो देत आली, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकेतली पुस्तकं बहुधा देतात, वर्तमानपत्रं बहुधा साध्या यादीत देत नाहीत. आपल्या शाळांतही सहसा तो नको असंच शिकवतात. दोन्ही चालतं, पण एकदा हे वाक्य वाचा:

प्लीज कॉपी दिस टु अवर पार्टनर्स, द ट्रान्सपोर्टर अँड द सीएचए.

पार्टनर वेगळे आणि ट्रान्सपोर्टर, सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) वेगळे? की हे दोघेच पार्टनर? 'ट्रान्सपोर्टर'नंतर कॉमा दिला की यादी आहे हे उघड होतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात याच कॉमावरून खटला झाला. तिथल्या कायद्यात नाशवंत अन्नपदार्थांच्या काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता. कामांची यादी अशी: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन. 'शिपमेंट'नंतर कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, शेवटचं काम एकच आहे, पॅकिंग. मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, गाड्या चालवतो, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा. खालच्या कोर्टाने डेअरीची बाजू घेतली होती. २०१७ साली अपील कोर्टाने कायदा संदिग्ध आहे म्हणत ड्रायव्हरांचा अर्थ मान्य केला आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर राज्याने त्या यादीत कामाकामांमध्ये अर्धविराम घातले. ती यादी वाचताना मला हसू येतं, कारण त्यातली निम्मी कामं आमच्या शेडमध्ये रोज चालतात. तेव्हापासून मी यादीतला शेवटचा कॉमा देते. तुम्ही देऊ नका हवं तर. पण एका कागदात एकच पद्धत ठेवा.

दोनच वस्तू असतील तर मात्र कॉमाचा प्रश्नच नाही. 'इन्व्हॉइस, अँड पॅकिंग लिस्ट' असं कधीच नाही. आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड यांतही नाही. 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो'मध्ये आपल्या 'नुसतं नाही, तर'मुळे कॉमा घुसतो. 'बट ऑल्सो'नंतर पूर्ण वाक्य नसेल तर तोही काढा.

थोडं पुढचं हवं असेल त्यांच्यासाठी एक. दोन कंजंक्शन एकमेकांना खेटून आली तर?

द लॉट वॉज रेडी, बट बिकॉज द रिपोर्ट वॉज लेट, वुई मिस्ड द व्हेसल.

'बट'पूर्वी कॉमा, कारण दोन्हीकडे पूर्ण वाक्य. 'लेट'नंतर कॉमा, कारण दुय्यम वाक्य आधी आलंय. 'बट' आणि 'बिकॉज'च्या मध्ये काही नाही. तिथेही एक कॉमा देणारे आहेत, चूक म्हणता येणार नाही, पण वाक्य गचके खात चालतं.

सरावासाठी पुस्तक घेऊ नका. आपलेच पाठवलेले मेल उघडा, कंजंक्शनांना गोल करा आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना कर्ता शोधा. कॉम्प्युटर खाली लाल-निळी रेघ मारतो त्यावर सगळं सोपवू नका. 'शिप द लॉट बिकॉज'सारख्या वाक्यात तुम्हाला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक नसतं. सुरुवातीला ही चार घ्या, कॉमा मुद्दाम काढलेत:

गंगापूर रोड वॉज ब्लॉक्ड सो द सॅम्पल्स रीच्ड द लॅब लेट.
वुई विल लोड द कंटेनर इफ द रिपोर्ट कम्स बाय फोर.
द ओनियन्स केम फ्रॉम लासलगाव अँड वेअर सॉर्टेड इन अंबड.
ऑल्दो द लॉट वॉज स्मॉल द बायर टुक इट अँड ही आस्क्ड फॉर मोअर.

पहिल्यात 'सो'पूर्वी कॉमा. दुसऱ्यात नाही, 'इफ' मागून आलाय. तिसऱ्यात नाही, कांदे एकदाच आलेत, 'वेअर'ला वेगळा कर्ता नाही. चौथ्यात दोन: 'स्मॉल'नंतर एक आणि 'अँड'पूर्वी एक. 'ही' खोडला तर दुसरा जातो.